जुन्या चंद्रकळेचा नातीसाठी फ्रॉक: काठ खाली ठेवला तर वाढीची माया कुठे सोडू?

गावभाग_सांगली

नमस्कार मंडळी. माझी नात चार वर्षांची आहे, बेंगळुरूला असते. संक्रांतीला सांगलीला येणार आहे आणि तेव्हा तिचं बोरनहाण करायचं ठरलंय. आमच्याकडे पाच वर्षांपर्यंतच करतात, त्यामुळे हे बहुतेक शेवटचं. त्यासाठी मला माझ्या सासूबाईंच्या चंद्रकळेचा फ्रॉक शिवायचा आहे.

साडी नऊवारी, सुती, काळीभोर, अंगभर बारीक पांढरे ठिपके आणि तांबडा काठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, तेव्हा खालच्या खोलीतली लोखंडी पेटी पाण्यात राहिली. ही साडी त्या पेटीत होती. पूर ओसरल्यावर धुतली, सावलीत वाळवली. वास गेला, रंगही टिकला, पण घडीवर विरली. उजेडासमोर धरली की घडीच्या रेघा दिसतात. काठ मात्र अजून दणकट आहे. नेसण्याजोगी आता ती राहिली नाही. पेटीत तशीच ठेवली तर आणखी विरेल, म्हणून कापायची हे पक्कं केलंय. त्याबद्दल कृपया कुणी समजूत घालू नका.

गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज मी वर्षानुवर्षं शिवले आहेत. उषाची पायमशीन आहे, चांगली चालते. पण लहान मुलाच्या अंगाचं शिवण वेगळं. पोट पुढे, कंबर नाहीच, डोकं अंगाच्या मानाने मोठं. टक घालून अंगासरशी बसवायचं इथे काही कामच नाही. म्हणून छातीवर योक, म्हणजे खांद्यापासून छातीपर्यंतचा सपाट वरचा भाग, आणि त्याखाली चुण्यांचा घेर, असं ठरवलंय. माप सुनेने फोनवर दिलं आहे: छाती २२ इंच, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत २३. पोरगी टेप दिसला की पळते, त्यामुळे या मापावर माझा पूर्ण भरवसा नाही.

नातीने स्वतः तीन गोष्टी सांगितल्या आहेत. फ्रॉक टोचायचा नाही. दोन खिसे पाहिजेत, बोरं आणि हलवा गोळा करायला. आणि गोल फिरलं की तो फुगला पाहिजे. मला तिन्ही पटतात. ज्याला अंगावर घालायचंय त्याचं ऐकायला नको का?

आता खरी अडचण. फ्रॉक निदान पुढच्या वर्षीही अंगाला यावा असं वाटतं. एरवी मी खालच्या दुमडीत तीन इंच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवायला जादा कापड, ठेवली असती. पण साडीचा काठच घेराच्या खालच्या कडेला घेतेय, तिथे दुमडायला जागाच नाही. काठ कापून मायेच्या वर पुन्हा जोडला तर काठाची मजा जाते, आणि विरलेल्या कापडावर आणखी एक आडवी टीप पडते. मग माया सोडू कुठे?

दुसरं, योकलाही चंद्रकळाच वापरावी का? समोर, छातीवर, ती छान दिसेल असं मनात आहे.

---

खणआळीतली

काकू, मी साताऱ्यात खण आळीजवळ शिवणकाम करते, लहान मुलींचे परकर-पोलके आणि फ्रॉक जास्त करून. आधी तुमचा दुसरा प्रश्न घेते, कारण बहुतेक जणी नेमकं उलट करतात.

योकला जुनी साडी अजिबात वापरू नका. पोर हात वर करते, वाकते, कुणी दंडाला धरून उचलतं. सगळा ताण खांदा, मुंढा (बाही जोडतात तो काखेभोवतीचा भाग) आणि पाठीच्या पट्टीवर येतो. घेरावर ताण जवळजवळ नसतो, तो नुसता लोंबतो. म्हणून जुनं कापड घेराला आणि नवं योकला. योकसाठी काळा किंवा तांबडा खण घ्या, गुळेदगुड्डचा छोट्या बुट्टीचा मिळतो. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, पण तुम्हाला योकपुरताच हवाय. आतून पूर्ण अस्तर लावा. खण उलट्या बाजूने खरखरीत लागतो आणि टोचण्याची तक्रार बहुतेक वेळा तिथूनच येते. अस्तर मऊ मलमलीचं. योकचे सगळे जोड खण आणि अस्तराच्या मध्ये बंद झाले पाहिजेत. आत हात फिरवून बघा, एकही कड बोटाला लागता कामा नये.

घेराला चंद्रकळा एकटी वापरू नका. मागे मलमल ठेवून कच्च्या धावदोऱ्याने दोन्ही एकत्र धरा, मग एकच कापड समजून कापा आणि शिवा. वजन मलमल पेलते, चंद्रकळेवर ओढ येत नाही. सुई ११ नंबरची घाला आणि टीप जरा लांब ठेवा. बारीक टीप मारली की विरलेल्या कापडाला भोकांची ओळ पडते आणि ते त्याच रेघेवर फाटतं.

नऊवारी आहे म्हणजे लांबी भरपूर. घेर सलग घ्यायचा हट्ट नको. आडव्या घड्यांच्या मधले चांगले भाग निवडा, तीन तुकडे जोडा. चुण्यांत जोड दिसतही नाहीत.

वाढीचं म्हणाल तर माया खाली नाही, वर ठेवा. घेर हवा त्यापेक्षा अडीच इंच उंच कापा. चुण्यांचे दोरे वरच्या कडेवर न घालता अडीच इंच खाली घाला आणि तिथेच योकला जोडा. वरचं जादा कापड आत राहील, त्याची कड दुमडून हाताने घेराच्या मलमलीलाच टाचा, म्हणजे ते अंगाकडे येणार नाही. पुढच्या वर्षी योकचा जोड उसवायचा, चुण्या वर सरकवायच्या. काठ आहे तिथेच राहतो.

---

दोन_लेकींची_आई

काकू, मी कराडची. माझ्या लेकी सहा आणि तीन वर्षांच्या. शिवण मला बेताचंच येतं, पण खिशांवर बोलू शकते, कारण आमच्याकडे रोज खिशातून चिंचोके, खडे आणि एकदा ओली माती निघाली आहे.

बाजूच्या शिवणीतला आतला खिसा नको. भरला की चुण्यांच्या घेराला एका बाजूला ओढतो आणि तुमचं कापड तर नाजूक. वरून लावायचे खिसे करा, नव्या खणाचे. वरची कड योकच्या जोडातच अडकवा, म्हणजे बोरांचं वजन योक पेलेल. खोली पाच इंच पुरे. तोंड साडेचार इंच तरी ठेवा, मूठ आत जाते पण भरलेली मूठ बाहेर येत नाही तेव्हा मुली रडतात. आतून धुवायला सोपं अस्तर लावा, बोर पिचकतंच आणि हलवा चिकटतो.

आणखी एक. हलव्याचा हार उघड्या मानेला टोचतो. मोठीच्या बोरनहाणात तिने पाच मिनिटांत काढून टाकला होता. गळा फार खोल ठेवू नका, पुढून दोन-अडीच इंच, म्हणजे हार कापडावर बसेल. मागे नाडी आणि लटकन मात्र नको, कितीही गोड दिसलं तरी. ते कशातही अडकतं. युरोपात सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी ओढायच्या नाड्या चालत नाहीत, तसं मानकच आहे. पाठीला बटणं बरी.

साडी कापू नका असं मी म्हणणार होते, पण तुम्ही समजूत घालू नका म्हणालात, आणि कारण वाचून पटलं.

---

जुना_शिंपी

ताई, मिरजेत माझं दुकान होतं, आता मुलगा बघतो. वर सातारच्या ताईंनी सांगितलेलं बरोबर आहे. तरी थोडी भर घालतो.

मापाचं. फोनवरच्या मापावर कापड कापू नका. सुनेला सांगा की सध्या नीट बसणारा एक सुती फ्रॉक जमिनीवर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. खांद्याच्या टोकापासून टोकापर्यंतचं माप घ्या, मुंढ्याची उंची घ्या आणि फोटो टेपसकट पाठवा. पोर पळालं तरी फ्रॉक पळत नाही. हे तयार फ्रॉकचं माप असल्यामुळे त्यात सैलपणा आधीच आलेला असतो, त्यावर पुन्हा तीन इंच वाढवू नका. अंगाचं माप २२ असेल तर तयार योक २५ च्या आसपास यावा.

या वयात मूल वर्षाला साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढतं, म्हणजे दोन-अडीच इंच. पण वाढतं ते उंचीत. छाती वर्षात फार तर इंचभर. आया मापाला मोठा फ्रॉक आणतात आणि तो खांद्यावरून घसरतो, कारण वाढ त्यांनी चुकीच्या दिशेने धरलेली असते. योक आजच्या मापाचा करा, फक्त बाजूच्या शिवणीत दोन्हीकडे इंच-इंच माया ठेवा. उंचीची माया वेगळी.

गळ्याचं विसरू नका. चार वर्षांच्या मुलाचं डोकं जवळजवळ २० इंच भरतं आणि तुमचा गळा १४ च्या आसपास होईल. मागे चार-पाच इंच उघडं लागेलच. बटण छोटं, चपटं, पाठीवर झोपलं तरी रुतणार नाही असं.

माया वर ठेवण्याऐवजी मी असतो तर काठाच्या वर दोन आडवे टक, म्हणजे शिवलेल्या घड्या, घातले असते. अर्ध्या इंचाचा एक टक एक इंच कापड खातो. वरून ते नक्षीसारखे दिसतात आणि पुढच्या वर्षी उसवले की दोन इंच मिळतात. योक उसवायची गरज नाही. मात्र टक मशीनवर नको, हाताने धावदोरा.

---

खणआळीतली

काका, नव्या कापडावर मीही टकच घालते. इथे भीती अशी की टक म्हणजे पुन्हा पक्की घडी, आणि हे कापड घडीवरच विरलंय. वर्षभर इस्त्री होऊन तिथे दोन नव्या रेघा तयार होतील.

---

जुना_शिंपी

हे मान्य. घडीचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. मग वरच ठेवा.

---

गावभाग_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे वाचलं आणि आज सकाळी साडी अंगणात उन्हात पसरून पट्टीने मोजली.

काठापासून पहिली उभी, विरलेली रेघ बरोबर २२ इंचावर आहे. हिशेब असा केला: पूर्ण उंची २४, योक ६, घेर १८. त्यात मायेचे अडीच आणि जोडाचा अर्धा धरला तर २१ होतात. म्हणजे रेघ यायच्या इंचभर आधीच माझं काम संपतं. आडव्या घड्यांच्या मध्ये दोन-दोन फुटांचे चांगले भाग मिळतात. योक खाली २५ भरेल, म्हणून घेर ६० धरतेय. वीस-वीसचे तीन तुकडे, बाजूच्या मायेसह आरामात निघतात.

माया वरच ठेवणार. आणखी एक कारण सापडलं. ते आतलं अडीच इंच दुमडलेलं कापड चुण्यांखाली राहिलं की घेर आपोआप उचलून धरला जाईल, म्हणजे फुगायची अट वेगळी जाळी न लावता पूर्ण होते. तिला कॅनकॅनची जाळी पायाला लागलेली आवडत नाही, मागच्या वाढदिवसाला विकतचा फ्रॉक तिने त्यावरूनच काढून फेकला होता.

योकला तांबडा खण घेईन, हरभट रोडला दोन-तीन दुकानांत बघते. योकसाठी चंद्रकळेचा हट्ट सोडला, पण काठाचा चार बोटं रुंद तुकडा उरतोय, तो बाहीच्या कडेला लावला तर चालेल का? फुगा बाही आहे, दंडाला घट्ट नाही. सुनेला फ्रॉक मोजायला सांगितलंय आणि तिने लगेच फोटो पाठवला. छाती सव्वा इंचाने वेगळी निघाली, त्यामुळे काकांचा सल्ला फार मोलाचा ठरला.

---

दोन_लेकींची_आई

काकू, बाहीला नक्की लावा. झाल्यावर फोटो टाका, फक्त फ्रॉकचा असला तरी चालेल.

---

खणआळीतली

बाहीला चालेल, काठ दणकट आहे म्हणालात ना. फक्त आतून मऊ उरेब (तिरप्या कापलेल्या) पट्टीने बंद करा, काठाची कड दंडाला घासते.

आणि मलमल घेताना काळीच घ्या. पांढरी घेतली तर जिथे कापड पातळ झालंय तिथून ती डोकावेल. काळी मलमल रंग सोडते, म्हणून कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा आणि पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. त्यात ती जे आटायचं तेही आटून घेईल. खणाचं अस्तरही त्याच वेळी भिजवा, पण वेगळ्या बादलीत.