क्षमा केली, सगळ्यांसमोर साक्षही दिली, तरी पप्पांचा राग परत येतोच. काय चुकतंय?

रिकामी_घागर:
सलाम सगळ्यांना. जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. मी मूळची नगरची, लग्नानंतर पुण्यात. आमचे पप्पा प्यायचे. रात्री गेटची कडी वाजली की आई गॅस बंद करायची आणि आम्ही दोघी बहिणी पलंगाखाली. आता पप्पा 74 चे आहेत, दारू सुटून बरीच वर्षं झाली, आई गेली, ते माझ्याकडेच असतात. दिवाळीच्या सुट्टीत इनर हिलिंगचं तीन दिवसांचं शिबिर केलं. डोळे मिटून जुनी आठवण समोर आणायची, त्या खोलीत प्रभू येशू उभा आहे असं बघायचं आणि नाव घेऊन क्षमा करायची. खूप रडले, खरंच हलकं वाटलं, शेवटच्या दिवशी स्टेजवर साक्ष दिली की मी मोकळी झाले. पंधरा दिवस छान गेले. मग एका रात्री पप्पांनी बाहेरून येऊन कडी लावली, नुसती कडी हो, बिचारे शतपावली करून आले होते, आणि माझ्या हातातलं पातेलं ओट्यावर आपटलं गेलं, तोंडाला येईल ते बोलले त्यांना. शिबिरातल्या ताईंना फोन केला तर म्हणाल्या क्षमा मनापासून झाली नसेल, उपास धरून परत कर. आता मला कळेना माझा विश्वास कच्चा आहे की मी स्टेजवर खोटं बोलले.

जुनी_पेटी:
पोरी, खोटं नाही बोललीस. बायबलमध्ये योहान 18 काढ, प्रभूला धरून नेलं ती रात्र. थंडी म्हणून अंगणात कोळशांचा विस्तव पेटवलेला, प्रभूचा शिष्य पेत्र शेकत उभा, आणि त्याच रात्री त्याने मी त्याचा नाही म्हणून प्रभूला तीनदा नाकारलं. आता 21 वा अध्याय बघ, पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी न्याहारीला प्रभूने काय पेटवलंय, तर कोळशांचाच विस्तव. मूळ ग्रीकमधला तो शब्द अख्ख्या नव्या करारात या दोनच ठिकाणी येतो. म्हणजे पेत्राला बरं करायला प्रभूने त्याला त्याच धुराच्या वासात बसवलं की. आणि माझ्यावर प्रेम करतोस का असं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा पेत्राला वाईट वाटलं असं स्पष्ट लिहिलंय, दुखलंच त्याला. एवढं होऊन हाच गडी पुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीने यहुदी नसलेल्यांची पंगत सोडून बाजूला झाला आणि प्रेषित पौलाने तोंडावर सुनावलं, गलतीकरांस पत्र, अध्याय 2. आपल्या केडगावच्या पंडिता रमाबाई, बाप्तिस्मा 1883 चा, पण त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली. तुझे तर पंधरा दिवस झालेत.

प्रार्थनावीर:
भगिनी, सैतानाला वाव देऊ नका, इफिस 4:27. कडीचा आवाज हे निमित्त आहे, घरात तेल लावून प्रार्थना करा. काउन्सेलिंग वगैरे जगाच्या गोष्टींमागे लागू नका.

वसईची_वहिनी:
@प्रार्थनावीर काउन्सेलिंगचं नाव अजून कुणी काढलंच नव्हतं दादा, आणि येशूचं चरित्र लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, कलस्सै 4:14. असो.
घागरताई, मी कॅथलिक, आमच्याकडे संत इग्नेशियसच्या पद्धतीत डोळे मिटून बघणं 16 व्या शतकापासून आहे, पण तिथे बहुतेक वेळा आपण शुभवर्तमानातल्या, म्हणजे येशूच्या चरित्रातल्या प्रसंगात शिरतो, तळ्याकाठी जाऊन बसतो वगैरे. तुमच्या शिबिरात उलटं केलं, स्वतःच्याच सर्वात वाईट रात्रीत शिरायचं. वाईट म्हणत नाही मी, पण अशी जखम तीन दिवसांत उघडायची आणि चौथ्या दिवशी बॅग भरून घरी पाठवायचं, मागे विचारणारं कुणी नको का? मी स्वतः रात्री पाचच मिनिटं दिवस मागे फिरवून बघते, कुठे चिडले, कुठे बरं वाटलं, आणि तेवढंच प्रभूला सांगते. कधीकधी मध्येच झोप लागते, ते सोडा.

शंकेखोर:
मला त्या स्टेजचाच राग येतो. बायबलमधला योसेफ बघा, 17 व्या वर्षी भावांनीच विकला, मिसरच्या राजासमोर, फारोसमोर उभा राहिला तेव्हा 30 चा. मुलगा झाला, नाव ठेवलं मनश्शे, का तर देवाने मला सगळं विसरायला लावलं. ही त्याची साक्षच झाली की. आणि पुढच्याच अध्यायात भाऊ धान्याला आले तर आधी कडक बोलला, तीन दिवस डांबून ठेवलं आणि मग बाजूला जाऊन रडला. त्याला कुणी म्हणालं का नाव खोटं ठेवलंस? आणि गळाभेट त्याने लगेच नाही दिली, आधी त्याला विकायचं सुचवणारा भाऊ यहूदा बदललाय का ते पाहिलं. म्हणून विचारतो, पप्पांनी कधी चुकलो म्हटलंय का?

पुणेरी_मेंढरू:
प्रॅक्टिकल सांगू का, दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, फुकट असतात, माझी आई जायची. तिथे पहिल्या दिवशी एका काकूंनी सांगितलं की नवरा जाऊन दहा वर्षं झाली तरी स्कूटर थांबली की पोटात गोळा येतो. आई घरी येऊन म्हणाली, म्हणजे मी वेडी नाही. सरकारचा मानसिक आरोग्याचा हेल्पलाइन नंबर 14416 पण आहे, मराठीत बोलतात. प्रार्थना सोडा असं नाही म्हणत हां. आणि कडीला तेल घाला.

रिकामी_घागर:
सगळ्यांचे आभार, पेत्राचं वाचून रडले परत. @शंकेखोर, नाही, कधीच नाही म्हणाले. पण काल धीर करून मीच सांगितलं की पप्पा, कडी वाजली की मला अजून भीती वाटते. ते काहीच बोलले नाहीत, टीव्हीचा आवाज वाढवला. असा राग आला म्हणून सांगू, रात्रभर झोप नाही. सकाळी दूध घ्यायला गेले तर गेटच्या कडीला चिंधी गुंडाळलेली, वर सुतळीने घट्ट बांधलेली. माझीच चांगली ओढणी फाडलीय, ते वेगळं. मी अजून काही बोलले नाहीये त्यांच्याशी. चहा मात्र आज दोघांनी एकत्र घेतला.