शेतजमीन राखण्याची किंमत कोण मोजतो?

'बांधकामावर निर्बंध आले की भुर्दंड शेतमालकालाच बसतो' हा आक्षेप एरवी रास्त असला, तरी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील माँटगोमेरी काउंटीला (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग) तो पूर्णपणे लागू होत नाही. तेथे १९८० मध्ये सुमारे ९३,००० एकरांचे कृषी राखीव क्षेत्र ठरवताना २५ एकरांमागे एकच घर अशी मर्यादा घातली गेली. मात्र त्याच वेळी दर ५ एकरांमागे एक हस्तांतरणीय विकासहक्क (आपल्या जमिनीवर न वापरता दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क) शेतमालकाला मिळाला आणि तो ठरावीक शहरी भागांतील विकासकांना विकण्याची मुभाही मिळाली. (आपल्याकडील शहरांतल्या टीडीआरचे, म्हणजे अशाच हस्तांतरणीय विकासहक्काचे, हे ग्रामीण भावंडच.) अर्थात, या हक्कांमुळे जुनी शेतघरे व कोठारे आपोआप वाचत नाहीत. त्यांच्यासाठी काउंटीचा १९७९ चा वारसा-जतन कायदा आहे, ज्यानुसार नोंद झालेल्या वास्तूच्या बाह्यरूपात बदल करण्याआधी वेगळी परवानगी लागते, आणि या निर्बंधाची भरपाई विकासहक्कांसारख्या बाजारातून होत नाही.