मदत हवी आहे: तुळजा लेण्यांतील वर्तुळाकार चैत्यगृहाचे मोजमाप कसे घ्यावे?

नमस्कार.

जुन्नरजवळच्या तुळजा लेण्यांचे मोजमाप घेऊन आराखडे तयार करण्याचे काम आम्ही वास्तुकलेचे काही आजी-माजी विद्यार्थी करीत आहोत. परवानगी रीतसर घेतली आहे. तिच्या अटींनुसार लेण्याच्या आत ट्रायपॉड उभा करता येत नाही, भिंतीला काहीही चिकटवता येत नाही आणि ड्रोनचा तर प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे पोलादी टेप, हातात धरायचे लेसर अंतरमापक, ओळंबे, सुतळी, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी आणि एक बऱ्यापैकी कॅमेरा एवढ्यावरच आमची भिस्त आहे.

भिक्षूंच्या खोल्यांचे काम या साधनांनी व्यवस्थित होते. चारही भिंती आणि दोन्ही कर्ण मोजले की खोली काटकोनात आहे की नाही ते लगेच कळते (बहुतेक नसतात), आणि दगडी ओटा, दाराची खोबण, कोनाडा हे सारे त्या चौकटीत बसवता येते. खरी अडचण आहे ती लेणे क्रमांक 3 ची, म्हणजे वर्तुळाकार चैत्यगृहाची (स्तूप असलेल्या बौद्ध प्रार्थनागृहाची). ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो : मध्यभागी खडकातच कोरलेला भरीव स्तूप, त्याभोवती 12 साधे अष्टकोनी खांब, खांबांच्या कड्यावर घुमटाकार छत, आणि खांब व भिंत यांच्यामधल्या प्रदक्षिणापथावर अर्ध्या कमानीसारखे उतरते छत. आतला व्यास साधारण 8 मीटर भरतो. कार्ले, भाजे किंवा बेडसे येथील चैत्यगृहे गजपृष्ठाकार (लांबट, मागचे टोक अर्धवर्तुळाकार) असल्यामुळे दारापासून स्तूपापर्यंत मध्यरेषेवर सुतळी ताणून दोन्ही अंगांना लंब मोजत जाता येते. येथे तशी मध्यरेषा मिळतच नाही, कारण वर्तुळाचे केंद्र स्तूपाच्या पोटात आहे. समोरासमोरच्या भिंतींमधले अंतर मोजायला गेले की स्तूप आड येतो, आणि व्यास थेट मोजता आला नाही तर हे वर्तुळ कितपत खरे आहे हे ठरवायचे कसे?

जुन्या आराखड्यांत हा प्रश्न कंपासने एक सफाईदार वर्तुळ काढून आणि 12 खांब समान अंतरावर मांडून सोडवलेला दिसतो. त्या काळच्या घाईत ते क्षम्य होते, पण आज पुन्हा तसेच करायचे असेल तर मोजायला जाण्याचे कारणच उरत नाही. कारागिरांचा हात कोठे हलला, कोणता खांब कड्यातून सरकला, कोणत्या अष्टकोनाची एक बाजू रुंद झाली, हेच तर आम्हाला नोंदवायचे आहे.

दुसरी अडचण दिशेची. एकाच कड्यात ओळीने असलेली ही लेणी एका आराखड्यावर आणायची, तर त्यांचे एकमेकांशी असलेले कोन हवेत. होकायंत्र कड्याजवळ नेले की सुई दर दोन पावलांवर वेगळे बोलते, कारण आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते. जीपीएसला कड्याखाली निम्मे आकाश दिसत नाही. शिवाय या ओळीतले दर्शनी भाग बरेच ढासळलेले असल्यामुळे सलग सरळ कडा अशी कोठे हाती लागत नाही. संगणक-प्रणालींची शिफारस नको, ती भरपूर मिळाली आहे. मोजणी कशी बांधावी, एवढेच कृपया सांगावे.

प्रतिसाद 1

मी भूमापनाच्या व्यवसायात आहे. व्यासाचा नाद सोडून द्यावा, त्याची गरज नाही. प्रदक्षिणापथात जमिनीवर सहा बिंदू ठेवावेत. एकेका लहान लाकडी ठोकळ्यावर फुली काढली तरी पुरे, म्हणजे खडकाला हात लागणार नाही. प्रत्येक बिंदूपासून शेजारच्या आणि एक सोडून पुढच्या बिंदूपर्यंतचे अंतर घ्यावे. एक सोडून पुढची रेषा केंद्रातून न जाता त्याच्या एका अंगाने जाते, त्यामुळे स्तूप चुकतो, मात्र बिंदू असे निवडावेत की सुतळी खांबांमधल्या फटींतून जाईल. अशी 12 अंतरे मिळतात आणि सहा बिंदूंची स्थाने पक्की करण्यास 9 पुरतात. उरलेली तीन तुमची मोजणी तपासतात. मग भिंतीवरचा, खांबाचा किंवा स्तूपाच्या पायाचा प्रत्येक बिंदू या सहांपैकी किमान तिघांपासून मोजावा. वर्तुळ शेवटी त्या बिंदूंवरून काढावे आणि प्रत्येक बिंदू त्यापासून किती आत किंवा बाहेर आहे ते मिलिमीटरमध्ये लिहावे.

दिशेसाठी कड्यापासून दूर, मोकळ्या आकाशाखाली दोन खुणा जितक्या लांब ठेवता येतील तितक्या ठेवून त्यांची जोडरेषा जीपीएसने घ्यावी, आणि तेथून कोन मोजत लेण्यांपर्यंत यावे. आत ट्रायपॉड नको असला, तरी बाहेरच्या मोकळ्या जागेत टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारे भूमापनाचे यंत्र) लावण्याची परवानगी वेगळी मागून पाहावी.

प्रतिसाद 2

वरील पद्धत योग्य आहे, परंतु ती एकाच पातळीवर वापरली तर या लेण्याचे अर्धेच म्हणणे ऐकल्यासारखे होईल. लेणी सामान्यतः वरून खाली कोरत येतात. घुमट कोरताना स्तूपाचा माथा अजून मोकळा झालेला नसतो, त्यामुळे छताचे केंद्र कारागिराला थेट धरता आले असावे. पुढे स्तूप सुटा होत गेला तसे केंद्र दगडात बंद झाले आणि खालची वर्तुळे वरच्यावरून ओळंब्याने उतरवावी लागली असणार. म्हणून खांबांवरची पट्टी, खांबांचा मध्य आणि पाया अशा तीन पातळ्यांवर स्वतंत्र वर्तुळ काढावे व तिन्ही केंद्रे एकमेकांवर ठेवून पाहावीत. ती एकाच दिशेने सरकत असतील, तर कोरीवकामाचा क्रम आराखड्यातच दिसेल.

उंचीसाठी जमिनीला शून्य मानू नये. ती झिजलेली असते आणि कोठे कोठे माती साचलेली असते. पाण्याच्या नळीने एक आडवी पातळी सर्व लेण्यांतून फिरवून घ्यावी व उंची-खोली दोन्ही तिच्यापासून मोजावी. नळीत बुडबुडा राहिला तर सगळेच फसते, म्हणून दर वेळी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान आहे ना ते पाहावे.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. तीन पातळ्यांची कल्पना आम्हाला सुचली नव्हती. खांबांच्या मध्याची पातळी सुतळीने घेणे शक्य दिसते, पण वरच्या पट्टीपर्यंत हात पोहोचत नाही आणि शिडी खांबाला टेकवायची नाही. तेथे पट्टीच्या कडेवर लेसरचा ठिपका नेमका पाडून तिरपे अंतर घेतले आणि नळीच्या पातळीपासूनची उंची वेगळी मोजून आडवे अंतर काढले तर चालेल का? कड झिजून गोलसर झाली आहे, त्यामुळे ठिपका कोठे धरायचा हा प्रश्न राहतोच. शिवाय एका लेण्यात तुळजादेवीचे ठाणे असून तेथे नंतरचे रंगकाम व गिलावा आहे. मूळ खडक आणि नंतरचा थर आराखड्यात वेगळ्या रेषांनी दाखवण्याची आपल्याकडे काही रूढ पद्धत असल्यास तीही कळवावी.