खाजणातला नेचा गच्चीवर: पानांच्या कडा करपताहेत

गच्चीबाग_पुणे:
ॲक्रोस्टिकम ऑरियम, म्हणजे खाडीकाठी तिवरांच्या सोबतीने वाढणारा मोठा नेचा, नर्सरीतून आणून १४ इंची कुंडीत लावलाय. कुंडी १० लिटर पाण्याच्या टबात असते. खाऱ्या जागेतलं झाड, म्हणून आठवड्याला चमचाभर मीठ त्या पाण्यात घालतो. पाणी बोअरचं, ऊन दिवसभर. जुन्या पानांच्या कडा करपल्यात. नवी पानं पिवळी येतात, शिरा तेवढ्या हिरव्या. वरच्या काही पर्णिकांखाली (पानाच्या सुट्या पात्यांखाली) तपकिरी मखमली थर आलाय. बुरशीनाशक कुठलं मारू?

तिवर:
बुरशीनाशक नको. तो थर बीजाणूंचा आहे, म्हणजे नेचा बियांऐवजी ज्यापासून उगवतो त्या बारीक कणांचा. बऱ्याच नेच्यांसारखे त्यांचे वेगवेगळे ठिपके या नेच्यात नसतात, पानाच्या टोकाकडच्या पर्णिकांची खालची बाजू सगळीच विटकरी-तपकिरी होते. पान सशक्त असल्याची खूण आहे ती, कापू नका.

मीठ मात्र आजच बंद करा. हा नेचा खारं पाणी सोसतो, त्याला ते लागत नाही. गोड्या पाण्यात उलट जास्त जोमाने वाढतो. खाडीत भरती-ओहोटी आणि पावसाळा क्षार धुऊन नेतात, टबातून फक्त पाणी उडून जातं. चमचा ५ ग्रॅमचा धरला तर आठ आठवड्यांत ४० ग्रॅम, म्हणजे १० लिटरला लिटरमागे ४ ग्रॅम. मे महिन्यात पाणी निम्म्यावर आलं की तेच ८. वर बोअरचे क्षार वेगळेच. कडा त्यानेच करपतात.

कुंडी बाहेर काढून तिच्या मापाच्या तिप्पट गोडं पाणी वरून सावकाश ओता, खालून निथळू द्या. टब रिकामा करून घासा. आरओचं वाया जाणारं पाणी चुकूनही वापरू नका, क्षार त्यातच साठलेले असतात. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात उत्तम.

मातीकाम:
नव्या पानाचा पिवळेपणा जड पाण्यामुळे. माती अल्कधर्मी झाली की लोह असूनही मुळांना मिळत नाही. चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येईल असं लोह) पाकिटावरच्या मात्रेच्या निम्मं द्या. पण पाणी बदललं नाही तर महिन्याभरात पुन्हा तेच.

कुंडी बदलायची असेल तर जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. पाच भाग चिकण माती, तीन भाग कुजलेला पालापाचोळा, दोन भाग जाड वाळू. नुसतं कोकोपीट नको, उंच पानांच्या वजनाने झाड कलंडतं. जाड खोडाचा शेंडा, जिथून गुंडाळलेली पानं निघतात, तो मातीच्या वरच राहिला पाहिजे. तो गाडला किंवा बुडाला की कोंब काळे पडून कुजतात. टबात पाणी दोन-तीन इंचच ठेवा आणि गप्पी मासे सोडा, डासांचा प्रश्न मिटतो.

तिवर:
उन्हाबद्दल राहिलं. कोकणात हा भर उन्हात उभा असतो, कारण पाय चिखलात आणि हवा दमट. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, तेव्हा दुपारी १२ ते ४ हिरवी जाळी धरा. नवं पान अर्धं उलगडून तसंच वाळलं तर कारण कोरडी हवा किंवा सुकलेली मुळं.

बीजाणू:
थर आलाच आहे तर रोपं करा. ती पर्णिका कागदावर पालथी घालून दोन दिवस वारा न लागेल अशी ठेवा, तपकिरी भुकटी पडेल. पारदर्शक डब्यात ओलं कोकोपीट भरून त्यावर उकळतं पाणी ओता, पूर्ण गार झाल्यावर भुकटी विरळ भुरभुरा आणि झाकण लावा. उजेड भरपूर, थेट ऊन नाही. मीठ इथे अजिबात नको, खारेपणाने बीजाणू रुजायला अडतात. काही आठवड्यांत हिरवे चपटे पापुद्रे दिसतील; नर आणि मादी पेशी यांच्यावरच तयार होतात आणि त्यांच्या मिलनातून नेच्याचं रोप येतं. तेव्हापासून उकळून गार केलेल्या पाण्याचा फवारा द्या, कारण पाण्याचा पातळ थर असल्याशिवाय फलन होत नाही. नेमकी इथेच बरीचशी रोपं हुकतात. पहिली पानं साधी, एकसंध असतात, ती पाहून दुसरंच काही उगवलं समजून उपटू नका.

आणि खाडीतून झाड उपटून आणू नका. महाराष्ट्रात कांदळवनांना कायद्याचं संरक्षण आहे.