एप्रिलमधल्या बर्फावर स्कीजोरिंग: फिन्सेसाठी सल्ला हवा

ओस्लोकर:
नमस्कार मंडळी. स्कीजोरिंगसाठी, म्हणजे कमरेला दोराने बांधलेल्या कुत्र्याने ओढत स्की करण्यासाठी, एप्रिलच्या मध्यावर फिन्सेला (नॉर्वे, उंची १२२२ मीटर) जायचा बेत आहे. सोबत अलास्कन हस्की, अडीच वर्षांचा, २३ किलो. स्कीच्या तयार ट्रॅकवर १०-१२ किलोमीटर आरामात ओढतो, डावं-उजवं पक्कं आहे. उघड्या पठारावर मात्र पहिल्यांदाच नेतोय. पोलादी कडांची माउंटन स्की घेऊ की ट्रॅकची? आणि उतारावर तो सुसाट सुटला तर?

उत्तरफाल्गुनी:
आधी घड्याळाचं बघा, स्कीचं नंतर. रात्री आभाळ मोकळं असेल तर ओला बर्फ गोठून वर कडक थर धरतो. सहा-साडेसहाला उजाडतं, तेव्हाच निघा. उन्हाने वरचे एक-दोन सेंटिमीटर सैल झाले की स्की झकास पळते, पण ती मजा तास-दोन तासांची. पुढे थर कुजतो. स्कीवर तुमचं वजन पसरलेलं असतं, त्यामुळे तुम्हाला पत्ता लागत नाही. कुत्र्याचे पंजे आधी घुसतात. घुसलेला पाय वेगात बाहेर खेचताना थराची धार पुढच्या पायाची कातडी सोलते, खांदाही लचकतो. पंजे दोन-तीनदा घुसले की मागे फिरायचं. रात्रभर ढग असतील तर थर धरतच नाही. त्या दिवशी सुट्टी.

दुसरं, उष्णता. हवा +५ अंश सेल्सिअसच्या वर गेली की ओढायचं काम कमी करा, +१० ला बंदच. दोर ढिला पडणं, जीभ रुंद होऊन लोंबणं, वळून बर्फात लोळायला बघणं ही लक्षणं दिसली की थांबा. पोट आणि मांड्यांची आतली बाजू ओली करा. निघण्याच्या दोन तास आधी अर्धा लिटर कोमट पाणी, त्यात थोडा मांसाचा रस. नुसतं पाणी बरेच कुत्रे हुंगून सोडून देतात.

दोरखंड:
पोलादी कडा नकोत. शर्यतींतही त्यांना बंदी आहे. कुत्रा अचानक थांबला की स्की थेट त्याच्या मागच्या पायांवर जाते. आता पहाटेच्या कडक उतारावर बिनकडेची स्की घसरते हेही खरं, म्हणून उलट करा: वाटच सपाट निवडा, तळी आणि रुंद दऱ्या.

दोर ताणल्यावर अडीच-तीन मीटर, मध्ये लवचीक भाग हवाच. कमरेचा पट्टा रुंद आणि मांड्यांभोवतीही पट्टे असलेला घ्या, नाहीतर ओढ लागली की वर सरकून बरगड्यांखाली रुततो. झटक्यात सुटणारी कडी हातमोजे घालून, दोर ताणलेला असताना सोडून बघा. ओली कडी गार वाऱ्यात गोठते. प्रत्येक थांब्यावर एकदा उघड-बंद करायची.

हलक्या उतारावर स्नोप्लाव (स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकवून वेग कमी करणं), दोर ताणलेलाच ठेवून. ढील पडली की दोर स्कीखाली जातो. तीव्र उतारावर स्की काढून चाला. त्याला मोकळं सोडू नका: १ एप्रिल ते २० ऑगस्ट नॉर्वेत कुत्रा बांधलेला किंवा पूर्ण ताब्यात असणं कायद्याने सक्तीचं आहे, आणि हा रानटी रेनडिअरचा मुलूख. कळप दिसला की लांबूनच वाट बदला. माद्या गाभण असतात.

ओस्लोकर:
सपाट वाट ठरली. कुत्र्याचे बूट चारही पायांना? आणि स्कीखाली क्लिस्टर (पकडीसाठीचं चिकट मेण) लावू का?

उत्तरफाल्गुनी:
सकाळच्या खरखरीत बर्फावर चारही पायांना. पट्टी मनगटाच्या बारीक भागावर, आवळून नाही. ओले बूट ताणले जाऊन गळून पडतात, म्हणून आठ तरी जादा ठेवा. थांबलात की काढा, बोटांमधल्या बर्फाच्या गोळ्या बघा. स्केटिंग (स्की तिरप्या बाहेर ढकलत जाणं) करणार असाल तर क्लिस्टर लागतच नाही. क्लासिक (दोन्ही स्की सरळ, समांतर ठेवून चालायच्या) स्कीला लावलंत तर हस्कीचे केस त्यात अडकणार, आणि शेवटी ते कुत्र्याच्या अंगावरून तुमच्या सोफ्यापर्यंत पोचणार.

दोरखंड:
तळ्यांबद्दल राहिलं. धरणाच्या तळ्यांत हिवाळाभर पाणी उतरतं, काठाचा बर्फ खाली पोकळ राहून तडकतो. ओढा जिथे मिळतो आणि जिथून निघतो तिथे बर्फ पातळ. भूर्जाच्या फांद्या रोवून आखलेली वाट सोडू नका. कुत्रा मधल्या वाटेने ओढायला बघेल, ऐकू नका त्याचं.