टाइप-९ घेतलं आणि मजाच गेली. स्पेस ट्रेडिंगवाले कुणी आहे का इथे?

रिकामा_कंटेनर (सिंहगड रोड):

नमस्कार मंडळी. धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून इथेच टाकतोय, चुकला असेल तर हलवा.

हिंजवडीत नोकरी, घर सिंहगड रोडला, म्हणजे रोजचे जाऊन-येऊन तीन तास स्टिअरिंगवर जातातच. एवढं करून रात्री जेवण झालं की मी काय करतो, तर परत स्टिअरिंग धरतो आणि अंतराळातल्या एका स्टेशनवरचा माल दुसऱ्या स्टेशनवर नेऊन टाकतो. गेम एलिट डेंजरस. सेलमध्ये स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. सुरुवातीला साइडवाइंडर नावाचं एक डबडं मिळतं, चार टन माल बसतो त्यात, आणि खिशात हजार क्रेडिट. तेव्हा जी मजा आली ती विचारू नका. पहिल्यांदा माल भरून त्या गोल फिरणाऱ्या स्टेशनच्या खाचेतून आत शिरताना हाताला घाम फुटला होता, सदाशिव पेठेतल्या बोळात मारुती व्हॅन रिव्हर्स घेताना फुटतो तसा.

मग पैसे जमवले, मोठं जहाज, त्याहून मोठं, आणि शेवटी टाइप-९. म्हणजे आपला ट्रेलरच, वळायचं म्हणलं तरी आधी अर्ज द्यावा लागतो. सातशे टनांच्या वर माल. आणि त्या दिवसापासून काय झालंय कळत नाही. इनारा नावाच्या साइटवर रूट शोधायचा, भरायचं, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारायची, मग सुपरक्रूझ (म्हणजे ताऱ्यापासून स्टेशनपर्यंतचा लांबचा रस्ता), सात सेकंद उरले की थ्रॉटल पाऊणवर, उतरायचं, विकायचं, तिथलं काहीतरी भरून परत. तीन आठवडे हेच चाललंय. पॉडकास्ट लावून ठेवतो. परवा बायको मागे उभी राहून पाच मिनिटं बघत होती, मग म्हणाली, "हे पण ऑफिसचंच आहे का?"

तर प्रश्न असा, की हे माझंच झालंय का हा प्रकारच असा आहे? आणि एवढा कंटाळा येतो तर रोज रात्री परत का बसतो मी? दुसरा कुठला गेम असेल तर सुचवा, पण लॅपटॉप जुना आहे.

टिळकरोडी:

एवढे कष्ट घ्यायचेच तर खरा ट्रक घे. मार्केट यार्डात ड्रायव्हर मिळत नाहीयेत म्हणे.

भुसारपेठ:

@टिळकरोडी, ड्रायव्हर खरंच मिळत नाहीयेत, विनोद नाही तो.

धागालेखक, आमचं यार्डात भुसारचं दुकान आहे, आजोबांपासून. आणि मी कॉलेजात असल्यापासून हे गेम खेळतोय, फ्रीलान्सरपासून (२००३ चा, जहाज माउसनेच चालायचं त्यात, काय मस्त होतं). म्हणजे दोन्हीकडचं थोडं कळतं असं समज.

तुझा गेम टाइप-९ ने नाही मारला, इनाराने मारला. यार्डात सकाळी गाड्या किती लागल्यात हे बघितल्याशिवाय भावाचं काही खरं नसतं. आवक वाढली की पडला, पावसाची बातमी आली की चढला. वडील अजून लातूरला फोन लावून तुरीचं काय चाललंय विचारतात आणि पलीकडचा खरं सांगतोय का टोपी घालतोय हे त्याच्या आवाजावरून ओळखायचं असतं, कधी ओळखता येतं, कधी पोतीच्या पोती अंगावर पडतात. धंद्यात मजा आहे ती एवढीच. तुला काय मिळतंय? कुठल्या स्टेशनला काय भाव, किती टन मागणी, सगळं इतर खेळाडूंनी फिरून फिरून अपलोड केलेलं आयतं ताटात. उत्तर माहीत असलेलं गणित तू सातशेने गुणत बसलायस. ह्याला व्यापार नाही म्हणत, हमाली म्हणतात.

आणि हमाली तरी कुठे, हमाली, तोलाई, लेव्ही काही कापलंच जात नाही गेममध्ये. डिझेल पण फुकट, ताऱ्याजवळून जायचं आणि स्कूपने भरून घ्यायचं. आमच्याकडे रिटर्न भाडं नाही मिळालं तर गाडी रिकामी येते आणि अख्ख्या फेरीचा नफा डिझेल खातं. ती धाकधूक नसेल तर कंटाळा नाही येणार तर काय होणार.

साइट बंद कर आणि आठवडाभर वहीवर खेळून बघ.

जुना_कमांडर (एरंडवणे):

भुसारपेठ यांना +१. वहीवरून आठवलं म्हणून लिहितो, थोडं लांबेल.

आमच्या शाळेत केंद्र सरकारच्या क्लास प्रकल्पातले बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर आले होते. १९८४-८५ ची गोष्ट. ३२ किलोबाइट मेमरी, आज मोबाइलवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्यात मावणार नाही. एका मित्राचे मामा इंग्लंडात होते, त्यांनी मूळ एलिट आणून दिला, म्हणजे तुम्ही खेळताय त्याचा बाप. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या केंब्रिजच्या दोन पोरांनी लिहिलेला, १९८४ चा. आठ आकाशगंगा, प्रत्येकीत २५६ ग्रह. एवढ्या ग्रहांची यादी ठेवायला जागाच नव्हती, म्हणून ती कुठे ठेवलेलीच नव्हती! मोजके आकडे घेऊन त्यांच्या बेरजा करत करत प्रत्येक ग्रहाचं नाव, तिथलं सरकार, शेतीचा का कारखान्याचा, हे सगळं तिथल्या तिथे तयार व्हायचं, आणि दर वेळी तेच यायचं. हे कळलं तेव्हा मी प्रोग्रॅमिंगकडे वळलो, खरं सांगतो.

मुद्दा असा की सुरुवातीला १०० क्रेडिट आणि २० टन जागा. शेतीच्या ग्रहावरून खाणं उचला, कारखान्याच्या ग्रहावर विका, तिथून कॉम्प्युटर घ्या आणि परत या. पण नेमका भाव तिथे पोचल्यावरच दिसायचा. आमच्या फिजिक्सच्या जर्नलची मागची पानं भावांनी भरली होती, सरांनी एकदा विचारलं हे लावे आणि दिसो काय आहे (गेममधले ग्रह ते), मी म्हणालो मूलद्रव्यं. अराजक असलेल्या ग्रहाच्या वाटेत चाचे, आणि सेव्ह फक्त स्टेशनात. एकदा जवळ होतं नव्हतं ते सगळं घालून २० टन कॉम्प्युटर भरले आणि स्टेशनच्या तोंडाशीच आपटलो, त्याच क्षणी तास संपल्याची घंटा झाली. वर्षांनुवर्षं ती घंटा ऐकली की पोटात गोळा यायचा.

कंटाळा तेव्हाही होता, खोटं कशाला बोलू. दिसो-लीस्ती, दिसो-लीस्ती अशा फेऱ्या मारून पैसे साठवायचे, कशासाठी तर १५०० क्रेडिटचा डॉकिंग कॉम्प्युटर घ्यायला. तो घेतला आणि आपोआप डॉकिंग व्हायला लागलं, त्या दिवशी अर्धा गेम गेला. तुमचं टाइप-९ म्हणजे आमचा डॉकिंग कॉम्प्युटर.

धनकवडीची_धूमकेतू:

सगळे कंटाळ्याच्या मागे का लागलेत? मला तर कंटाळाच हवा असतो. दिवसभर सपोर्टचे कॉल घेते, प्रत्येकाचं काहीतरी पेटलेलं असतं. रात्री मला कुणीही काहीही विचारायला नको असतं, फक्त एक लांब रस्ता हवा असतो.

मी हटन ऑर्बिटलला जाऊन आलेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आल्फा सेंटॉरीत मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षं लांब एक स्टेशन आहे आणि मध्ये उडी मारता येत नाही, सुपरक्रूझनेच जायचं. जास्तीत जास्त वेग २००१ सी, म्हणजे प्रकाशाच्या २००१ पट, भागाकार करून बघा, सुरुवातीपासून पूर्ण वेग मिळाला तरी तासभर लागतो, प्रत्यक्षात दीड तासाच्या आसपास. आता २०२४ पासून ओव्हरचार्जवाली ड्राइव्ह आलीय, लवकर होतं, पण मग जायचं कशाला? नवीन माणसाला तिथे ॲनाकोंडा जहाज फुकट मिळतं असं सांगून पाठवायची जुनी खोड आहे, मलाही असंच पाठवलं होतं. मिळतो फक्त हटनचा मग (कप). तेवढ्या वेळात माझे दोन किलो मटार सोलून झाले.

रच्याकने भुसारपेठ, तुम्ही दुपारी दोन ते चार गल्ल्यावर बसून काय करता ते पण सांगा.

भुसारपेठ:

@धूमकेतू 😄 झोपतो. त्यात दोन तासांत एखादं गिऱ्हाईक येतं आणि तेच नेमकं मोठं असतं. बरोबर आहे तुमचं, त्या बसण्यातही काहीतरी आहे.

कोथरूडचा_कॅप्सुलियर:

भुसारपेठ, तुम्ही ईव्ह ऑनलाइन खेळा. आइसलंडचा, २००३ पासून चालू, चीन सोडून सगळी दुनिया एकाच सर्व्हरवर आणि बाजारात जवळपास प्रत्येक वस्तू कुणा ना कुणा खेळाडूने बनवलेली. जिटा नावाचं गाव आहे तिथे, म्हणजे तुमचं यार्डच, भोंग्यासकट. लोक एवढे अट्टल की दुसऱ्यापेक्षा ०.०१ ने भाव कमी करायचा, त्याने परत ०.०१ ने, असं रात्र रात्र चालायचं, शेवटी कंपनीने नियम करून ते बंद केलं. २००७ साली तर त्यांनी चक्क एक अर्थशास्त्रज्ञ नोकरीला ठेवला.

आणि धाकधूक म्हणाल तर, सुरक्षित म्हणवणाऱ्या भागातही आठ-दहा जण मिळून तुमचं मालवाहू जहाज काही सेकंदांत फोडतात. कॉनकॉर्ड म्हणजे तिथले पोलीस येतात, फोडणाऱ्यांना संपवतात पण, फक्त तोवर तुमचं काही शिल्लक नसतं. माझं उएदामा नावाच्या अशाच एका भागात गेलं. दोन महिन्यांची कमाई होती. दोन दिवस जेवण गेलं नाही, आईला वाटलं ऑफिसात काहीतरी झालंय.

धागालेखकाने मात्र लांब राहावं. २०२२ मध्ये यांनी गेमला एक्सेल जोडणार असं जाहीर केलं आणि हॉलभर टाळ्या पडल्या. घरी बायकोला काय सांगणार?

आयतोबा:

मी एक्स-४ खेळतो (२०१८ चा, जर्मन कंपनी). स्वतः ट्रक चालवायचाच नाही, कारखाने टाकायचे, जहाजं नेमायची, ती बिचारी एनर्जी सेल वाहत बसतात आणि मी बघतो. शिवाय वेळ पळवायचं यंत्र गेममध्येच दिलंय, सेटा म्हणतात. म्हणजे कंटाळा येणार हे बनवणाऱ्यांनाच माहीत होतं. पण तुझ्या लॅपटॉपवर नाही चालणार. त्यावर ऊलाइट टाक, जुन्या एलिटसारखाच आहे, फुकट. नाहीतर एंडलेस स्काय, तो पण फुकट.

रिकामा_कंटेनर (सिंहगड रोड):

सगळ्यांचे आभार. ऊलाइट उतरवलाय, अजून उघडला नाही, कारण आधी भुसारपेठ यांचं ऐकून बघितलं. टाइप-९ स्टेशनात उभं केलं, परत साइडवाइंडर काढलं, हजार क्रेडिटच वापरायचे असं ठरवलं, इनारा बंद, आणि टेबलावर मुलीची एकरेघी वही.

शेतीच्या एका गावातून चार टन धान्य घेतलं आणि जवळची सिस्टीम बघून निघालो. वाटेत एकाने अडवलं, पळालो, शील्ड गेलं, कसाबसा पोचलो. पोचल्यावर बाजार उघडला तर हे पण शेतीचंच गाव. आमच्याच धान्याला आमच्या खरेदीपेक्षा कमी भाव. आता विकावं की पुढे न्यावं या विचारात तिथेच बसून राहिलो, साडेबारा वाजले, पॉडकास्ट लावायचं लक्षातच आलं नाही. शेवटी विकलं. टनामागे २० क्रेडिट तोटा, एकूण ८०, वहीत लाल पेनने लिहिलंय.

@धूमकेतू, हटनला मटारच्या सीझनमध्ये जाणार.

भुसारपेठ:

धान्य घेऊन धान्याच्याच गावात गेलास 😄 आमच्या आजोबांनी पण पहिल्या वर्षी हेच केलं होतं असं वडील सांगतात.

८० मध्ये हमाली धरलीस का?