‘नुसती यादीच तर दाखवते’ म्हणणाऱ्यांसाठी

बागेतला कोडर
काल इथे एकाने लिहिलं की आपल्या आंबा गटाच्या एमसीपी सर्व्हरवरचं (म्हणजे एआय एजंटाला आपली टूलं वापरू देणाऱ्या सर्व्हरवरचं) ‘पेटी_यादी’ हे टूल रीड-ओन्ली आहे, नुसतं वाचतं, तेव्हा वर्णनात ‘उपलब्ध पेट्यांची यादी देते’ एवढी एक ओळ पुष्कळ झाली. वाचून कोणाचं काय बिघडतं? वर अंगठ्यांचा पाऊस. डोकंच फिरलं.

काय बिघडतं ते ऐका. गटात चार डझनी पेटी आहे, पाच डझनी आहे, सहा डझनीही आहे. यादीतला ‘भाव’ पेटीचा. गिऱ्हाइकाने एजंटाला ‘स्वस्तातली बघ’ म्हटलं की तो इमानेइतबारे चार डझनी काढतो आणि वर ‘सर्वांत किफायतशीर’ असा शिक्का मारतो. दुसरं, टूल एका वेळी २५ नोंदी देतं, पुढच्यांसाठी त्याने दिलेला कर्सर, म्हणजे पुढच्या पानाची खूण, परत पाठवावा लागतो. हे कुठेच लिहिलेलं नाही, म्हणजे पहिल्या पानाबाहेरचे बागायतदार एजंटाच्या लेखी मेलेच. तिसरं, कोणी ‘जात’मध्ये ‘देवगड हापूस’ पाठवलं तर यादी रिकामी येते, कारण आपल्याकडे जात फक्त ‘हापूस’, गाव वेगळ्या रकान्यात. मग एजंट बेधडक सांगतो, सीझन संपला. भर एप्रिलात!

भाव कशाचा, नोंदी किती, रिकामी यादी आली तर काय समजायचं, आणि हे टूल पेटी राखून ठेवत नाही, एवढं लिहायला हात दुखतात का?

एक ओळ पुरे
हात नाही दुखत, खिसा दुखतो. टूलचं वर्णन दर संभाषणात मॉडेलपुढे जातं. दहा टूलांचे दहा निबंध झाले की गिऱ्हाइकाचा प्रश्न यायच्या आधीच टोकन खर्ची, म्हणजे मॉडेलला वाचायला दिलेल्या मजकुराचं बिल. ‘भाव’ला ‘भाव_प्रति_डझन’ म्हणा, विषय संपला. ‘जात’ला ठरावीक पर्याय द्या, म्हणजे ‘देवगड हापूस’ पाठवताच येणार नाही. रचनेतली खोट वर्णनाने झाकायची सवय जुनी आहे आपली. आणि रीडओन्लीहिंट, म्हणजे ‘हे टूल काही बदलत नाही’ ही खूण, ‘ट्रू’ केलेलं आहे, आणखी काय हवं?

खाडीपलीकडचा
त्या हिंटवर एवढी भिस्त नको. नावातच हिंट आहे. सर्व्हर भरवशाचा नसेल तर तिच्यावर विसंबू नका, असं एमसीपीचं स्पेसिफिकेशनच सांगतं. २००५ साली गूगलचा वेब ॲक्सिलरेटर पानावरच्या लिंका आधीच उघडून ठेवायचा. काही वेब ॲपांत ‘डिलीट’ही साधी लिंकच होती, त्यामुळे लोकांचा मजकूर उडायला लागला. वाचणाऱ्याला वाटत होतं, आपण नुसतं वाचतोय.

आपल्याकडचंही सांगतो. खोल्या भाड्याने देणाऱ्या माझ्या एका गिऱ्हाइकाच्या यादीत, नोंद उघडली की खोली पंधरा मिनिटं ‘राखीव’ व्हायची. नाव मात्र ‘खोल्या_पहा’. एजंट तुलनेसाठी सगळ्या उघडत बसला आणि ऐन दिवाळीच्या सुट्टीत घर ‘फुल्ल’. मालक ओसरीवर बसून वाट बघतोय. त्याला फोनवरून मी काय समजावणार?

पेंढ्यातला देवगडी
ते राहू दे. ‘जात हापूस, गाव वेगळं’ हे ठरवलं कोणी? देवगड आणि रत्नागिरी एकाच रकान्यात?

लांजेकर
झालं सुरू. २०१८ चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा पाचही जिल्ह्यांच्या हापूसला आहे. रकाना बरोबर आहे.

पेंढ्यातला देवगडी
जीआय कागदावर. माझ्या मावशीने पुण्यात ‘देवगड’ छापलेली पेटी घेतली. वर देवगडचा पेंढा, खाली कर्नाटकचा आंबा. त्या पेटीला तुमचा रकाना काय म्हणतो?

लांजेकर
फसवणाऱ्याने पेटीवर रत्नागिरी छापलं असतं तर तुमचं काहीच म्हणणं नव्हतं, हो ना?

मालवणी तिखट
रे बाबांनो, तुमका आंबो वळखता येता काय? कापल्यावर साको, म्हणजे आतलो स्पंजासारखो खराब गर, निघालो तर देवगड काय नि रत्नागिरी काय! त्यापेक्षा दापोलीचो ‘रत्ना’ बरो, नीलम-हापूसचो संकर, साको नाय. पण तो तुमच्या यादीतच नाय.

पेंढ्यातला देवगडी
रत्ना म्हणे! उद्या तोतापुरी आणा.

एक ओळ पुरे
इथे टूलबद्दल बोलणं चाललं होतं, कोणाला आठवतंय?

बागेतला कोडर
तुम्हीच आठवण केलीत, बरं झालं. ‘भाव_प्रति_डझन’ घेतो, ते सुचवलंत चांगलं, कसंबसं का होईना. ठरावीक पर्यायही घेतो. पण रिकामी यादी म्हणजे ‘या गाळणीत काही बसलं नाही’, सीझन संपला असं नव्हे, हे कुठल्या रकान्याच्या नावात बसवू ते सांगा.

एक ओळ पुरे
ते उत्तरातच पाठवा. यादी रिकामी असेल तेव्हा एक संदेश. दर वेळी वर्णनात कशाला?

खाडीपलीकडचा
हे मात्र मान्य. पण ‘काही राखून ठेवत नाही’ हे वर्णनातच हवं. टूल निवडायच्या आधी एजंट वर्णन वाचतो, उत्तर नाही.

एक ओळ पुरे
बरं बाबा. तीन ओळी. चौथी दिसली तर मर्ज करणार नाही, म्हणजे बदल कोडात घेणार नाही.

मालवणी तिखट
आणि ‘रत्ना’ पर्यायात घालतास मा?

पेंढ्यातला देवगडी
घातलात तर मी गट सोडतो.